माझ्या नावाचं गाव

भुसावळच्या एस.टी. स्टँडवर आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई, बाकावर बसून मुक्ताईनगरच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. डोक्यावरचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि समोरून जाणाऱ्या कंडक्टरला विचारलं, "एदलाबादले जाते का रे बाबा ही गाडी?" गाडीच्या पाटीवर ठळक अक्षरांत मुक्ताईनगर लिहिलेलं. पण कंडक्टर काही अडखळला नाही. "जाते ना आजी, बसा," म्हणाला. आम्हीही तिच्यामागून चढलो.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? गावांची नावं बदलतात, म्हातारी माणसं जुनीच धरून बसतात. खरं आहे. पण त्या दिवशी माझ्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. नाव बदलल्याची नोंद सरकारी राजपत्रात करून घेण्याच्या अर्जाची ती छापील प्रत. त्यात दोन चौकटी होत्या. एक 'जुने नाव', दुसरी 'नवे नाव'. पंधरा दिवस तो कागद माझ्याजवळ होता आणि दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

माझी आजी, वडिलांची आई, यावल तालुक्यातली. माळकरी बाई. तिला तीन मुलगे झाले. त्यांची नावं तिने निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान अशी ओळीने ठेवली. चौथी मुक्ता व्हायची होती, ती काही झाली नाही. आजी थांबली ती थेट नातीपर्यंत. सोपानची, म्हणजे माझ्या वडिलांची पहिली मुलगी मी. माझ्या बारशाला आजीने कोणालाही पत्रिका पाहू दिली नाही की अक्षर काढू दिलं नाही. "माझी चौघं पुरी झाली," एवढंच म्हणाली आणि कानात 'मुक्ता' सांगून मोकळी झाली.

खानदेशात, खरं तर साऱ्या महाराष्ट्रातच, अशी घरं तुम्हाला सापडतील. एका घरात निवृत्ती आणि सोपान असले की मधला ज्ञानेश्वर असणारच, हे न विचारता ओळखावं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या मुलाचं नावही सोपानदेव, आणि तेही पुढे कवी झाले. बहिणाबाई हे नाव तर शिऊरच्या संत बहिणाबाईंचंही. आज जळगावच्या विद्यापीठाला नाव आहे ते चौधरींच्या बहिणाबाईंचं, २०१८ सालापासून. एकाच नावाच्या दोन बायका, एक तुकोबांच्या काळातली, एक अलीकडची. दोघींनीही संसार सांभाळून कविता केली.

तर माझं लग्न झालं. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि यजमानांनी अंगठीने त्यात लिहिलं, सुमेधा. नाव सासूबाईंनी निवडलेलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आजी कोपऱ्यात बसली होती. तिने पेढा पदराच्या टोकाला बांधून ठेवला. पुढे सात वर्षांनी ती गेली, तोपर्यंत तिने मला एकदाही सुमेधा म्हटलं नाही. मला मात्र, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी वाईटबिईट काही वाटलं नव्हतं. नवी साडी, नवं घर, नवं नाव, सगळं एकदमच आलं. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, मुलांचे जन्मदाखले, सगळीकडे सुमेधा झाले. फक्त बी. ए.ची पदवी आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर मुक्ता राहिली. ती कागदं कपाटात खालच्या खणात होती.

गेल्या वर्षी शाळेत माझे तास वाढले. अर्धवेळच, पण पगार आता रीतसर बँकेत जमा होणार होता. तेव्हा कागद तपासणाऱ्यांनी विचारलं, "ही मुक्ता कोण?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "कशावरून?" पाहा, छत्तीस वर्षांच्या बाईला मीच मी आहे हे सिद्ध करायला सांगितलं! राजपत्रात नोंद करून आणा, तोपर्यंत पगार थांबेल. (जाता जाता सांगते, ज्यांच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवा. नाव बदलायचंच असेल तर विवाहनोंदणीचा दाखला लगेच काढा आणि मुलीची शाळा-कॉलेजची कागदं त्याच्यासोबत एकाच फाइलीत ठेवा. मी ठेवली नव्हती.)

अर्ज आणला. आणि तिथेच माझं अडलं. जुनं नाव कोणतं आणि नवं कोणतं? कागद सरळ करायचे तर दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पदवीवरची मुक्ता पुसून सुमेधा करता येत होती, आणि सुमेधा सोडून परत मुक्ताही होता येत होतं. यजमान म्हणाले, "तुला जे सोपं पडेल ते कर." सोपं काय, ते मलाच कळेना.

त्यातच सासूबाईंनी मुक्ताईनगरचं काढलं. त्यांचं आळंदी झालेलं, सासवड झालेलं. त्र्यंबकेश्वर तर आमच्याच नाशिक जिल्ह्यात, तिथे पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्या दरवर्षी जातात. "तिघे भाऊ झाले, बहीण तेवढी राहिली," म्हणाल्या. माझं नाव त्यांच्या डोक्यात होतं की नव्हतं, कोण जाणे. मीही विचारलं नाही. माघ महिना लागायच्या बेताला, महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी व्हायच्या आत, मुलांना यजमानांवर सोपवून आम्ही निघालो. नाशिकरोडहून भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर होती. खानदेशात जायचं तर हिवाळ्यातच जावं. वैशाखातला भुसावळचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्या मला दुजोरा देतील.

वरणगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या. एदलाबाद नाव कुठून आलं, हे मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. एदल म्हणजे आदिल. विजापूरच्या आदिलशाहीला आपल्या जुन्या कागदांत एदलशाही म्हटलेलं असतं, तसंच हे. कोणा आदिलाच्या नावाचं गाव ते आदिलाबाद, लोकांच्या तोंडी एदलाबाद. प्रतिभाताई पाटील १९६७ ते १९८५ विधानसभेत निवडून आल्या तो मतदारसंघ एदलाबादच. पुढे २००७ साली त्या राष्ट्रपती झाल्या. मधल्या काळात केव्हातरी एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. एका सुलतानी नावाच्या जागी एका मुलीचं नाव आलं. मुलगीच म्हणायची. मुक्ताबाई गेली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती.

कहाणी तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. चौघां भावंडांत मुक्ता धाकटी, जन्म १२७९ सालचा धरतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सासवडला सोपानदेव गेले. राहिले निवृत्तिनाथ आणि मुक्ता. दोघं फिरत फिरत तापीकाठी आली आणि १२९७ च्या वैशाखात वीज कडाडली आणि मुक्ता दिसेनाशी झाली. निवृत्तिनाथ एकटे त्र्यंबकला परतले. आईवडील आधीच गेलेले, आता पाठची तिन्ही गेली. थोरल्या भावाचं ते परतणं मनात आलं की मला मुक्ताईपेक्षा निवृत्तीचंच जास्त वाईट वाटतं.

मुक्ताईनगरच्या स्टँडवर उतरलो. किराणा दुकानापासून रसवंतीपर्यंत जिकडेतिकडे मुक्ताईचं नाव. सासूबाई हसल्या, "बघ, किती मुक्ता!" संताचं नाव गावाला लागलं की असंच होतं. ते पोलीस ठाण्यालाही लागतं, बाजार समितीलाही लागतं आणि पंक्चरच्या टपरीलाही लागतं. पण म्हणून मला ते हलकं झाल्यासारखं वाटलं नाही. वापरातली भांडीच चकचकीत राहतात.

रिक्षाने कोथळीला गेलो. जुनं मंदिर तिथे आहे. मेहूणलाही आहे, नदीकाठाला. आम्ही दुपारच्या वेळी गेलो त्यामुळे गर्दी अजिबात नव्हती. एक बाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. देवळात शिरताना सासूबाईंनी पदर सारखा केला आणि मी उगाच घाबरले. कोणाच्या तरी घरी आपण आपल्याच नावाने आलो आहोत आणि घरच्यांनी ओळखलं नाही तर, असं काहीतरी वाटलं. हसू नका.

ज्येष्ठात इथून पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभराहून जास्त चालून आषाढीला पंढरपूरला पोहोचते. पंढरीला येणाऱ्या मोठ्या पालख्यांत फार लांबून येणारी ही एक. आणि ती बाईची पालखी! भावांच्या पालख्या जवळून येतात, बहीण तापीकाठाहून चालत येते.

मुक्ताईच्या गोष्टींत मला सगळ्यात आपली वाटते ती मांड्यांची. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ता खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. गावातल्या विसोबाने कुंभारांना दम भरलेला, या संन्याशाच्या पोरांना काही द्यायचं नाही. मुक्ता रडत घरी आली. ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि म्हणाले, भाज यावर. चमत्कार सोडा हो, पण आत लक्ष द्या. भाऊ एवढे ज्ञानी, तरी खायला काय करायचं आणि भांडं कुठून आणायचं, ही काळजी दहा-बारा वर्षांच्या पोरीची! खानदेशात अजूनही आखाजीला पालथ्या खापरावर मांडे करतात. माझी आजी दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत तो पसरवायची. मला अजून नीट जमत नाही, मध्येच फाटतो.

पण ही रडत आलेली पोर बोलायला कशी होती! लोकांच्या निंदेने विटून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून त्यांची समजूत घातली ती हिने. ते ताटीचे अभंग. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी मायना काय लिहावा ते न कळून कोरंच पत्र पाठवलं, तेव्हा "इतकी वर्षं जगून कोराच राहिला" असं म्हणणारीही हीच. गोरोबाकाकांच्या घरी संतांची मडकी थापटून पाहायची कल्पनाही तिचीच, आणि त्यात नामदेवांसारख्यांचं मडकं कच्चं निघालं! तेव्हाच्या बाईचं नाव कोणत्या दप्तरात राहणार? पण अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफायची रीत होती. त्यामुळे मुक्ता राहिली, जनी राहिली. तांदळात लिहिलेलं नाव त्याच संध्याकाळी डब्यात जातं, हे तेव्हा माझ्या मनात आलं.

कोथळीहून चांगदेवला गेलो. हो, गावाचंच नाव चांगदेव. तापी आणि पूर्णेचा तिथे संगम आहे आणि काठावर चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर. आता जरा गंमत पाहा. मुक्ताबाई चांगदेवांची गुरू. गुरूच्या नावाचं एक गाव आणि शिष्याच्या नावाचं दुसरं, अशी गावं एकाच तालुक्यात! आमच्या रिक्षावाल्याचं नाव काय असेल? चांगदेवच. मी त्याला म्हटलं, भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांचा नायकही चांगदेव आहे, चांगदेव पाटील. तो म्हणाला, "असेल ना ताई, आमच्याकडं हर घरात एक तरी आहे."

मंदिराच्या पायऱ्यांवर सावलीत बसलो. समोर पाणी पसरलेलं होतं, खाली हतनूरचं धरण आहे त्याची फुगवटी. दशम्या सोडल्या. शेजारच्या घरातून आम्हाला वांग्याचं भरीत आलं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, वर कच्चा कांदा आणि पात. न मागता आलं. इथलं भरीत खाल्लंत की गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणवत नाही.

जेवताना मग नावांचाच विषय निघाला. मी शाळेत मुलांना गावांच्या नावांचा एक पाठ शिकवते, त्यामुळे माझी तयारी होतीच. हिंगोलीकडचं नर्सी नामदेवांचं जन्मगाव मानतात, म्हणून त्याला नर्सी नामदेव म्हणतात. जालना जिल्ह्यातलं जांब हे रामदासांचं, म्हणून जांब समर्थ. परळीच्या किल्ल्याचा सज्जनगड झाला तोही त्यांच्याचमुळे. पैठणचं धरण जायकवाडीचं, पण तिथल्या पाण्याला नाव नाथसागर, एकनाथांचं. त्या पाण्याखाली कितीतरी गावं गेली, त्यांची नावं आता फक्त म्हाताऱ्यांना आठवतात. नामदेव तर पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. २०१५ सालचं आपलं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

आडनावांचं मात्र उलट दिसतं. संतांची नावं आडनावांत फारशी उतरलेली नाहीत. पंढरपूरला नामदेवांच्या वंशजांचं आडनाव नामदास आहे, ते एक चटकन आठवतं. तुकोबांच्या घराण्यात मोरे आडनाव टिकलं, त्यांच्यातल्या काहींना देहूकर म्हणतात, पण ते गावावरून. ज्ञानेश्वरादी चौघांचा तर वंशच नाही, आडनाव कोण लावणार? त्यांचा वंश वाढला तो बारशांतून.

आणि त्या नावांनी किती रूपं घेतली! ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा, ज्ञानबा, ग्यानबा, ज्ञानू. तुकारामाचा तुका. नामदेवाचा नामा. सोपानाचा सोपाना. ग्यानबा तर आपल्या बोलण्यात मेख मारून बसला आहे, ग्यानबाची मेख म्हणतो ना आपण! विदर्भात शेगावच्या बाजूला जा, तिथे गजानन म्हटलं की गणपतीच्या आधी महाराज आठवतात. १८७८ साली महाराज शेगावात दिसले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. तेव्हापासून त्या बाजूला किती गजानन झाले असतील, मोजता यायचे नाहीत.

आमच्या शाळेत वसईकडचे एक सर आहेत, त्यांचं नाव झेवियर. त्यांनी एकदा मला सांगितलं की झेवियर हे मुळात माणसाचं नावच नाही, स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या गावाचं आहे. तिथल्या बास्क भाषेत त्याचा अर्थ नवं घर. त्या गावचे फ्रान्सिस, १५४२ साली गोव्याला आले, पुढे संत झाले, त्यांचं शव जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे. मग गावाचं नाव संताचं झालं, संताचं नाव मुलांचं झालं, आणि मुंबईत १८६९ साली निघालेल्या कॉलेजचंही झालं. "म्हणजे मी नवघरे," सर हसून म्हणाले होते. आमच्या मुक्ताईचं याच्या उलट. तिथे गाव संताच्या नावात गेलं, इथे संत गावाच्या नावात आली.

हे सगळं मी रंगात येऊन सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या. मग सहज म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव तुला माहीतै का?"

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं एका घरात राहतो आम्ही.

"जनाबाई," त्या म्हणाल्या. "वडील गंगाखेडला दर्शनाला गेले होते तेव्हा माझा जन्म झाला. जनाबाईंचं गाव, म्हणून जनाबाई."

मी म्हटलं, "किती छान नाव, आई!"

"छान काय त्यात? शाळेत पोरी चिडवायच्या, जनी, दळण दळायला जा. सिनेमा-नाटकात मोलकरणीचं नाव काय तर जनी, नाहीतर सखू. लग्नात यांच्या घरी शालिनी ठेवलं, मला इतका आनंद झाला होता सांगू! आरशात बघून दोन दिवस म्हणत होते, शालिनी, शालिनी." त्यांनी भरिताचं ताट पुसून ठेवलं. "तुझं नाव ठेवताना मला वाटलं, आपल्याला झाला तसा हिलाही आनंद होईल. मुक्ता म्हणजे खेड्यातलं वाटेल लोकांना. म्हणून सुमेधा काढलं. तीन दिवस शोधत होते मी, पुस्तक घेऊन."

आता यावर काय बोलणार? इतकी वर्षं मनात कुठेतरी मी एक राग जपला होता, बारीकसा. तांदळाच्या ताटाचा. त्यामागे तीन दिवस पुस्तक चाळणारी एक बाई होती, हे मला कळलंच नव्हतं. आणि तरीही खरं सांगते, तो राग पुरता गेला असंही नाही. आजीचा पदराला बांधलेला पेढा मला दिसतच होता.

काळ कसा फिरतो पाहा. सासूबाईंना जे नाव खेडवळ वाटलं ते आज शहरातल्या शिकलेल्या घरांत हौसेने ठेवतात. माझ्या वर्गात एक ज्ञानेश्वरीसुद्धा आहे. आणि मुक्ता नावाला खेडवळ म्हणणाऱ्यांनी मुक्ता साळवेला आठवावं. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली ती मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ताटीबाहेर उभी राहून बोलणारी मुक्ता काय आणि ही काय! आई, मी म्हटलं, या नावाच्या मुली गप्प बसत नाहीत. "ते मला चौदा वर्षं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मुक्ताईनगरच्या नव्या मंदिरात गेलो. आरतीला वेळ होता. देणगी द्यायची म्हणून पावतीच्या टेबलापाशी उभ्या राहिलो. पावती करणाऱ्या काकांनी पेन उघडलं. "नाव सांगा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी पैसे शोधते आहे, म्हणून त्यांनी स्वतःची पिशवी उघडली. दोनशे एक रुपये मोजून टेबलावर ठेवले.

"दोन पावत्या करा," त्या म्हणाल्या. "एकशे एकाची हिची, शंभराची माझी. हिचं नाव मुक्ता."

"आणि तुमचं?"

मला वाटलं त्या जनाबाई सांगणार. मी अगदी वाटच पाहत होते.

"माझं शालिनीच लिहा," त्या म्हणाल्या. "मला आवडतं ते."

काकांनी माझं नाव लिहून झाल्यावर मान वर केली. "मुक्ता की मुक्ताबाई?" मी म्हटलं, "नुसतं मुक्ता." त्यांनी पावती फाडून दिली. चौदा वर्षांनी कोणीतरी शाईने ते नाव लिहिलं होतं, आणि अक्षर चांगलं होतं.

परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. मी पर्समधून अर्ज काढला. गाडी हलत होती म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी, मुलांचे डबे गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन्ही चौकटी भरल्या. जुने नाव: सुमेधा. नवे नाव: मुक्ता. पुढे यजमानांचं नाव आणि आडनाव, ते आहे तसंच. 'कारण' या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून 'शैक्षणिक कागदपत्रांशी मेळ' असं लिहिलं. तेही खोटं नाही.

आता आधार, बँक, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, सगळीकडे खेटे घालायचे आहेत. पगार अजून सुरू झालेला नाही. यजमान अजून सुमेधाच म्हणतात आणि मीही 'ओ' देते, पंधरा वर्षांची सवय एका कागदाने कशी जाईल? मात्र येत्या आखाजीला खापर आणायचं सासूबाईंनी ठरवलंय. मांडे त्यांनाही येत नाहीत. आम्ही दोघी मिळून फाडणार आहोत.